परदेशातली शाळा, पासपोर्ट फोटो आणि एजंट



मागच्या पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातून शिकून गेलेली एक मुलगी वडिलांना बरोबर घेऊन माझ्याकडे आली. मुलगी नवापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरची, बी.एस्सी., बी.एड. झालेली. घराण्यात पदवी घेणारी पहिलीच. तीन वर्षांपासून ती एका खासगी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत होती. पगार महिना ९ हजार, तोही कधी दोन-दोन महिने हातात पडायचा नाही. वडिलांनी पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. दुबईतल्या एका शाळेचे नेमणूकपत्र होते ते. पगार ४ हजार दिरहम, राहण्याची सोय, विमानाचे तिकीट शाळेचे. एजंटाला मात्र ८५ हजार रुपये द्यायचे होते आणि त्यांतले ४० हजार शुक्रवारच्या आत.

"सर, बैलजोडीला गिऱ्हाईक लागलंय," वडील म्हणाले. "तुम्ही एकदा कागद बघा, म्हणजे झालं."

पत्राला तिचा बायोडाटा टाचलेला होता आणि त्यावर फोटो होता. पत्र वाचण्याआधी माझे लक्ष त्या फोटोकडे गेले आणि मी विचारून बसलो, "ही कोण?"

मुलीने मान खाली घातली. फोटो तिचाच होता. तालुक्याच्या स्टुडिओत काढलेला, आठ प्रतींचे ६० रुपये. स्टुडिओवाल्या दादाने मेहनत भरपूर घेतली होती. चेहरा चार छटांनी उजळ केला होता, अंगावर काळा कोट चिकटवला होता आणि तिच्या कपाळावरचे व हनुवटीवरचे गोंदण पुसून टाकले होते. ते गोंदण तिच्या आजीने ती सहा वर्षांची असताना जत्रेत गोंदवून घेतलेले. इतकी वर्षे मी तो चेहरा वर्गात, जेवणाच्या पंगतीत, रविवारच्या उपासनेत पाहिला, आणि फोटोत मला तो ओळखता आला नाही.

मी स्वतः मस्कतच्या एका भारतीय शाळेत नऊ वर्षे विज्ञान शिकवले आहे. त्यामुळे परदेशातल्या नोकरीचा कागद हाती आला की आमच्या भागातली मुले तो माझ्याकडे घेऊन येतात. दोन गोष्टींत ती हमखास अडकतात. एक फोटो आणि दुसरा एजंट. आपल्या मंडळ्यांतूनही पुष्कळ तरुण शिक्षक आखाताकडे किंवा मालदीवकडे डोळे लावून बसलेले आहेत, म्हणून या वेळी संपादकांनी दिलेली जागा त्यासाठीच वापरतो.

आधी फोटोचे सांगतो, कारण तो लहान विषय समजून सगळे घाईत उरकतात.

फोटोत थोडी सजावट करण्याचा मोह आजचा नाही. मी मस्कतला अर्ज केला तेव्हा आमच्या गावच्या स्टुडिओत भिंतीला एक कोट टांगलेला असे. ज्याला नोकरीचा फोटो काढायचा त्याने तो चढवायचा. बाह्या मला आखूड होत्या आणि कॉलरला साऱ्या तालुक्याचा घाम होता. तो कोट घालून काढलेला फोटो मी मोठ्या अभिमानाने पाठवला. पण त्या कोटात निदान चेहरा माझा होता. आता संगणकावर चेहराच बदलतो, आणि तिथे काम बिघडते.

कसे ते पाहा. शाळा बायोडाटा पाहते तेव्हा मुख्याध्यापकांच्या डोळ्यांपुढे तो फोटो राहतो. मग व्हिडिओवर मुलाखत होते. पासपोर्टवरचा फोटो तर पासपोर्ट केंद्रात समोर बसवून काढतात, त्याला स्टुडिओचा हात लागत नाही. त्यानंतर व्हिसाचा फोटो आणि पुढे तिथल्या ओळखपत्राचा. या सगळ्या ठिकाणी एकच माणूस दिसला पाहिजे. पासपोर्टवर हनुवटीला गोंदण आणि अर्जावरच्या फोटोत नाही, असे झाले तर कागद तपासणारा थांबणारच, आणि तो थांबला की आपली फाइल बाजूला पडते.

मी हे समजावून सांगत होतो तेव्हा मुलगी मध्येच म्हणाली, "सर, खरा फोटो लावला तर बोलावतील का?"

याचे उत्तर मला पटकन देता आले नाही. रंग आणि चेहरा पाहून अर्ज बाजूला टाकणारे लोक आहेत, हे मी नऊ वर्षांत पाहिले आहे. ब्रिटन आणि अमेरिकेत बायोडाट्यावर फोटो लावण्याची पद्धतच नाही, त्यामागे हेच मोठे कारण आहे. निवडणाऱ्याने आधी शिक्षण आणि अनुभव बघावा, तोंड बघू नये. तिकडच्या शाळेकडे अर्ज करताना फोटो लावूच नये. आखातातल्या शाळा मात्र बहुधा फोटो मागतात. जपानमध्ये तर ठरावीक नमुन्याच्या बायोडाट्यावर ३ बाय ४ सेंटिमीटरच्या फोटोसाठी चौकटच असते. मागितला असेल तिथे तो द्यावा लागतो. मी तिला एवढेच म्हणालो, की गोंदण पाहून जी शाळा तुला नाकारील ती तू तिथे पोचल्यावरही तुला नाकारीलच, फक्त तेव्हा तू घरापासून दोन हजार किलोमीटरवर असशील. तिला हे पटले की नाही ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती साडी नेसून फोटोसाठी आली.

फोटो आम्ही वसतिगृहाच्या व्हरांड्यातच काढला. त्यात जे शिकलो ते सांगतो, कारण स्टुडिओत जाण्याची गरजच नसते.

सकाळी साडेआठ-नऊचा उजेड चांगला. ऊन थेट तोंडावर येऊ द्यायचे नाही. सावलीत, पण मोकळ्या आभाळाकडे तोंड करून उभे राहायचे. दुपारी बाराला काढलेल्या फोटोत डोळ्यांखाली काळी सावली पडते. मागे पांढरी चादर लावली तर पहिल्या फोटोत मुलगी अगदीच काळवंडून आली आणि हिरमुसली. दोष तिच्या रंगाचा नव्हता, फोनचा होता. मागे लख्ख पांढरे असले की फोनला वाटते उजेड फार झाला आणि तो सगळेच चित्र गडद करतो. गव्हाळ किंवा सावळ्या माणसाचा चेहरा त्यात बुडून जातो. उपाय सोपा आहे. फोनच्या पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवायचे, म्हणजे फोन चेहऱ्याच्या हिशेबाने उजेड धरतो. शिवाय माणूस चादरीपासून दोन-तीन पावले पुढे उभा करायचा, म्हणजे मागे सावली पडत नाही. आमच्या स्वयंपाकाच्या मावशींनी फिकट राखाडी रंगाची एक चादर आणून दिली, त्यावर फोटो आणखी चांगला आला. पासपोर्ट किंवा व्हिसासाठी पांढरीच पार्श्वभूमी लागते. बायोडाट्याला फिकट राखाडी चालते.

फोटो स्वतःच्या हाताने काढू नये. हात पुरतो तेवढ्या अंतरावरून काढला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दुसऱ्या कोणी दीड-दोन मीटरवरून, फोन डोळ्यांच्या उंचीला धरून काढावा. आणि फोनमधले 'ब्यूटी' नावाचे बटण आधी बंद करावे. बऱ्याच फोनमध्ये ते न सांगता चालूच असते आणि स्टुडिओवाल्या दादाचे काम गुपचूप करून टाकते.

कपडे साधे असावेत. पांढरी साडी किंवा शर्ट पांढऱ्या चादरीत मिसळून जातो, तेव्हा थोडा गडद रंग बरा. पुरुषांना इस्त्रीचा कॉलरवाला शर्ट पुरेसा आहे, उसना कोट नको. मंगळसूत्र, कानातले, गोंदण, डोक्यावरचा पदर, जे रोज असते ते असू द्यावे. फक्त केसांच्या रेषेपासून हनुवटीपर्यंत चेहरा मोकळा दिसावा. चष्म्यावर उजेड चमकत असेल तर तो काढावा.

आकाराचेही एक आहे. आपल्याकडे नेहमीचा पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ मिलिमीटरचा. छपाईच्या दर्जाने संगणकावर तो ४१३ बाय ५३१ पिक्सेल होतो. अमिरातीच्या व्हिसाला ४३ बाय ५५ मिलिमीटरचा लागतो. म्हणून मूळ फोटो चारही बाजूंनी मोकळी जागा ठेवून काढावा आणि तो न कापता जपून ठेवावा; हव्या त्या मापाने नंतर कापता येतो. व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो बारीक होतो, धूसर येतो. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. फाइलला आपले नाव द्यावे. एका मुलाने शाळेला पाठवलेल्या फाइलचे नाव 'नवीन फोटो फायनल २' असे होते. मुख्याध्यापकांकडे अशा शंभर फाइली येत असतील, त्यांनी त्या कोणाच्या समजायच्या?

आता एजंट.

फोटो मी ओळखला नाही, तसे ते नेमणूकपत्रही मला ओळखू येईना. शाळेचे नाव खरे होते. ती शाळा दुबईत आहे. दुबईतल्या खासगी शाळांवर देखरेख करणारी केएचडीए नावाची सरकारी संस्था २००६ सालापासून आहे. तिच्या संकेतस्थळावर शाळांची यादी आणि तपासणीचे अहवाल कोणालाही वाचता येतात. आम्ही तिथे शाळा शोधली, ती सापडली. पण पत्रावरचा ई-मेल जीमेलचा होता आणि पत्रावरचा फोन नंबर शाळेच्या स्वतःच्या पानावर कुठेच नव्हता. नेमणुकीआधी कोणी तिची मुलाखत घेतली नव्हती. गणिताच्या शिक्षिकेला फळ्यावर एक उदाहरणसुद्धा सोडवायला न लावता नोकरी देणारी शाळा मी तरी पाहिलेली नाही.

मुलगी शाळेच्या पानावरच्या पत्त्यावर स्वतः चार ओळी लिहून मोकळी झाली. हे पत्र तुमचे आहे का, एवढेच विचारले. तीन दिवसांनी उत्तर आले: नाही.

तोवर एजंटाचे दोन फोन येऊन गेले होते. जागा दुसऱ्याला देतो, म्हणत होता. आम्ही त्याच्याकडे परवाना क्रमांक मागितला. इथे थोडे थांबून कायदा सांगायला हवा.

परदेशी नोकरीसाठी भारतातून माणसे भरती करणाऱ्याला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी करावी लागते. ही नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतले 'प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स' हे कार्यालय देते. नोंदलेल्या एजंटांची यादी मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे आणि बेकायदा धंदा करणाऱ्यांचीही वेगळी यादी तिथे दिलेली असते. नोंदलेला एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे सगळे मिळून ३५,४०० रुपये, आणि त्याची पावती द्यावी लागते. ८५ हजार मागणारा माणूस परवानाधारक असला तरी कायदा मोडतच होता. 'मी अमुक एजन्सीचा सब-एजंट' असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबावे, सब-एजंटाला या कायद्यात जागा नाही. आपल्या पाड्यापर्यंत मात्र सब-एजंटच पोचतो. तो ओळखीचा असतो, कधी लांबचा मामा लागतो, कधी मंडळीतलाच असतो. त्याच्या मनात वाईट असतेच असे नाही. त्यालाही वरच्याने काहीतरी सांगितलेले असते.

या माणसाने क्रमांक दिला, तोही बेधडक. आम्ही यादीत पाहिला तर क्रमांक खरा निघाला, पण तो दुसऱ्या राज्यातल्या एका एजन्सीचा होता. त्या एजन्सीच्या नोंदलेल्या नंबरवर फोन लावला. त्यांची खानदेशात शाखा नाही, असे त्यांनी सांगितले, आणि आपला क्रमांक कोणी वापरतो आहे हे कळल्यावर ते आमच्याहून जास्त घाबरले. म्हणून सांगतो, क्रमांक यादीत आहे एवढ्यावर समाधान मानू नका. क्रमांक, एजन्सीचे नाव, पत्ता आणि समोर बसलेला माणूस, चारही जुळले पाहिजेत.

वडिलांनी गिऱ्हाइकाला नाही सांगितले आणि आम्ही पोलिसांत लेखी तक्रार दिली. त्यानंतर त्या माणसाचा फोन बंद झाला.

यात एक गोष्ट सुशिक्षितांच्या लक्षात येत नाही. दहावी न झालेला मजूर आखातात कामाला निघाला तर त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' नोंद असते. अशा माणसाला आखातासह ठरावीक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी लागते. त्या निमित्ताने त्याचा करार कोणीतरी पाहतो, त्याचा विमाही उतरवावा लागतो. दहावी पास झालेल्याला ही परवानगी लागत नाही. आमच्या मुलीसारखी पदवीधर विमानतळावर सरळ चालत जाते. तिला अडवणारे कोणी नसते, म्हणून तिच्या करारात काय लिहिले आहे हे विचारणारेही कोणी नसते. शिकलेल्याला फसवणे त्यामुळे कधी कधी सोपे जाते.

माझेच उदाहरण आहे. मी मस्कतला गेलो तेव्हा एजंटाला ४० हजार दिले, सासऱ्यांकडून उसने घेऊन, पावतीशिवाय. दोन वर्षे ते फेडत होतो. तिसऱ्या वर्षी शाळेच्या कचेरीत सहज बोलताना कळले की आमच्या भरतीचे पैसे शाळेने एजंटाला आधीच दिले होते. मी चिडलो, पण चिडून काय करणार? हातात कागदाचा कपटासुद्धा नव्हता.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारावा, की एजंटाला पैसे कोण देतो. चांगल्या भरती-संस्था आपले शुल्क शाळेकडून घेतात. अमिरातीत तर २०२२ च्या फेब्रुवारीपासून लागू झालेल्या कामगार कायद्यात स्पष्टच म्हटले आहे की भरतीचा खर्च मालकाने करायचा, तो नोकरावर थेट किंवा आडमार्गाने टाकायचा नाही. नोकराची कागदपत्रेही अडकवून ठेवायची नाहीत. तरीही इथे कोणी 'व्हिसाचे पैसे', 'शाळेचे डिपॉझिट' अशा नावाखाली पैसे मागतो तेव्हा तो कोणासाठी मागतो, हे विचारायलाच हवे.

दुसरी खूणगाठ व्हिसाची. 'आधी व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देऊ' असे म्हणणाऱ्याबरोबर जाऊ नये. भेटीच्या व्हिसावर काम करणे अमिरातीत बेकायदा आहे. पकडले गेले तर शिक्षा शिक्षकालाही होते, आणि पगार बुडाला तर तक्रार कोणत्या तोंडाने करणार? कामाचा व्हिसा हाती येईपर्यंत इथली नोकरी सोडू नये. तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या नमुन्यातले नोकरीचे पत्र असते, त्याच्या क्रमांकावरून ते खरे आहे का हे मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तपासता येते. त्यात लिहिलेला पगार आणि नंतर सहीसाठी पुढे येणारा करार, दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत. मूळ पगार किती आणि घरभाडे किती हे वेगळे लिहिलेले आहे का तेही पाहावे, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर मोजतात.

तिसरी गोष्ट वेळेची. आखातातल्या भारतीय शाळांचे वर्ष साधारण एप्रिलमध्ये सुरू होते, म्हणून मुलाखतींचा हंगाम हिवाळ्यात असतो. मध्येच जागा रिकाम्या होतात हे खरे, पण ऑगस्टमध्ये 'पुढच्या आठवड्यात हजर व्हा' म्हणणाऱ्या पत्राकडे जरा जास्त बारकाईने पाहावे.

आमच्या मुलीने पावसाळ्याचे उरलेले दिवस कागद नीट करण्यात घालवले. ते काम एजंटापेक्षाही किचकट निघाले. दहावीच्या प्रमाणपत्रावर तिचे आडनाव इंग्रजीत 'व्ही' ने होते, पदवीवर 'डब्ल्यू' ने आणि आधार कार्डावर वडिलांच्या नावात एक अक्षर जास्त. आश्रमशाळेत दाखला लिहिणाऱ्या गुरुजींनी ऐकले तसे लिहिले होते, आणि पाड्यावर त्याचे कोणाला काय? परदेशी नोकरीत मात्र ही तीन माणसे ठरतात. पासपोर्ट काढण्याआधी सगळी नावे एक करून घ्यावीत. गरज पडली तर राज्य शासनाच्या राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घेता येते. याला महिने लागतात. ज्यांची मुले आज बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहेत त्यांनी आजच तीन कागद शेजारी ठेवून पाहावेत.

मग पदवीवरचे शिक्के. आधी राज्य शासनाची पडताळणी होते, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. भारत २००५ साली अपॉस्टिल करारात सामील झाला. ओमानही त्यात आहे, त्यामुळे तिथे मंत्रालयाचे अपॉस्टिल पुरते. अमिरातीच्या कामाला मंत्रालयानंतर त्यांच्या दूतावासाचा शिक्काही घ्यावा लागतो. मंत्रालय हे कागद आपल्याकडून थेट घेत नाही, त्यासाठी नेमलेल्या संस्था आहेत आणि त्यांचे दर ठरलेले आहेत. मूळ पदवी देताना पावती घ्यावी. या टप्प्यावरही कोणी मधला माणूस 'करून देतो' म्हणून पुढे येतोच.

डिसेंबरपासून तिने स्वतः शाळांच्या पानांवर जाऊन अर्ज केले. बावीस अर्ज, सगळ्यांवर व्हरांड्यातला फोटो. उत्तर आले चौघांचे. एका शाळेने मुलाखतीत वीस मिनिटे अपूर्णांक शिकवायला लावले आणि पुढे काही कळवले नाही. त्या दिवशी ती मावशींजवळ बसून रडली आणि म्हणाली, फोटोमुळेच. असेलही. मला ते खोडून काढता आले नाही.

फेब्रुवारीत मुंबईतल्या एका नोंदणीकृत एजन्सीने ओमानमधल्या एका भारतीय शाळेसाठी मुलाखती ठेवल्या. आम्ही क्रमांक, नाव, पत्ता आणि माणूस, चारही जुळवून पाहिले. फळ्यावर धडा घेतला, मग मुख्याध्यापिकाबाईंनी पाऊण तास बोलणे केले. एजन्सीने सेवाशुल्क २० हजार सांगितले, तेही व्हिसा आल्यावर, बँकेतून आणि पावतीसह. सगळे एजंट लुबाडणारे नसतात, हे मलाही त्या दिवशी स्वतःला सांगावे लागले. मुलाखतीत बाईंनी तिच्या कपाळाकडे पाहून विचारले, "हे काय आहे?" ती म्हणाली, "आजीने गोंदवलं." मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, माझ्या आजीलाही होते. त्यांचे गाव कोणते, हे विचारायचे मात्र राहून गेले.

एप्रिलमध्ये ती गेली. पगार दुबईच्या त्या कागदावरच्यापेक्षा कमी आहे, पण महिन्याच्या महिन्याला बँकेत जमा होतो. आईवडिलांनी विचारलेला शेवटचा प्रश्न आपल्यापैकी बरेच जण विचारतात, तिथे चर्च आहे का. ओमानमध्ये आहे, मस्कतच्या रुवी आणि घाला भागांत सुलतानांनी दिलेल्या जमिनीवर चर्च उभी आहेत, आणि शुक्रवारी सुट्टी असल्याने आम्ही तिथे शुक्रवारी उपासनेला जमत असू. दुबईतही चर्च आहेत. मालदीवमध्ये इतर धर्मांच्या सार्वजनिक उपासनेला परवानगी नाही, सौदी अरेबियात चर्च नाहीत. ज्याला या गोष्टीने फरक पडतो त्याने सही करण्याआधी विचार करावा.

आता आपल्याकडे एक मागणे आहे, आणि या वेळी ते पैशाचे नाही. आपल्या मंडळीत कोणी आखातात, मालदीवमध्ये किंवा आणखी कुठे शिकवत असेल, किंवा शिकवून परत आले असेल, तर आम्हाला कळवा. एखाद्या मुलाच्या हाती नेमणूकपत्र आले की ती शाळा त्या गावात आहे का, शिक्षकांचा पगार वेळेवर होतो का, हे तिथे राहणारा माणूस एका फोनवर सांगू शकतो. मुंबई-पुण्याच्या वाचकांपैकी कोणाला एखाद्या एजन्सीच्या कार्यालयात प्रत्यक्ष डोकावून येणे जमले तरी मोठी मदत होईल. नवापूरहून त्यासाठी एक दिवस आणि एक दिवसाची मजुरी जाते.

दर शनिवारी दुपारी चार ते सहा मी वसतिगृहाच्या कचेरीत बसतो. येताना मूळ कागद आणावेत, झेरॉक्सवर अक्षरे नीट वाचता येत नाहीत. फोटो काढायचा असेल तर मात्र सकाळी नऊच्या आत यावे. राखाडी चादर मावशींकडे धुऊन ठेवलेली असते.